उबंटू अपग्रेड झालं की वजनकाट्याची सर्व्हिस बंद पडते आणि परत उठत नाही. नीट पद्धत कोणती?

धरणगाव_काटा

राम राम मंडळी. कापसाच्या जिनिंगमधला एक सर्व्हर आहे. उबंटू २२.०४, डेटाबेस पोस्टग्रेस १४, पुढे वेब सर्व्हर एनजिनएक्स, आणि काट्याचं वजन सिरीयल पोर्टवरून वाचून डेटाबेसमध्ये टाकणारी पायथनमधली आमची स्वतःची सर्व्हिस. तिची युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ मध्ये ‘काटा.सर्व्हिस’ नावाने आहे. त्यात ‘रिक्वायर्स=पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस’, ‘आफ्टर=’ तेच, आणि ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ एवढं लिहिलंय. काट्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे ही सर्व्हिस दहा मिनिटं बंद असणंसुद्धा परवडत नाही.

सर्व्हर रात्री बंद करतात, सकाळी ९ ला सुरू करतात. काही दिवशी पहिल्या तासाभरात ‘काटा’ बंद पडलेली दिसते. स्टेटस ‘फेल्ड’. लॉगमध्ये शेवटची ओळ ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. हाताने सुरू केली की लगेच चालते. पॅकेज बसवणाऱ्या एपीटीच्या हिस्ट्री लॉगमध्ये त्याच वेळेला पोस्टग्रेसचं अपग्रेड झालेलं दिसतं.

विचारायचं असं:
१. ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ असताना ती परत का उठत नाही?
२. सिक्युरिटी अपडेट बंद न करता त्यांची वेळ आपल्या हातात कशी घ्यायची?
३. हाताने अपग्रेड करताना कोणती सर्व्हिस कधी थांबवायची, कोणत्या क्रमाने?
४. अपग्रेड चालू असतानाच लाइट गेली तर?

---

तापीकाठचा_ॲडमिन

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लॉगच्या त्या ओळीतच आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीसारख्या रोमनमध्येच टाइप करायच्या.

सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ म्हणजे कायम प्रयत्न करत राहणं नव्हे. त्याच्यावर एक मर्यादा बसवलेली असते: १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सहाव्यांदा सिस्टमडी नकार देतो आणि युनिट ‘फेल्ड’ करून ठेवतो. त्यात दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर, म्हणजे ‘रिस्टार्टसेक’, फक्त १०० मिलिसेकंद असतं. पोस्टग्रेस अपग्रेडसाठी खाली गेला की तुमची पायथन सर्व्हिस जोडणी तुटून मरते, अर्ध्या सेकंदात परत उठते, डेटाबेस मिळत नाही म्हणून परत मरते. तीन-चार सेकंदांत पाचही प्रयत्न संपतात. पोस्टग्रेस अजून खालीच असतो. मिनिटाभराने तो वर येतो, पण तोवर सिस्टमडीने ‘काटा’चा नाद सोडलेला असतो. हाताने सुरू केली की चालते ती याचमुळे, त्या वेळी डेटाबेस जागेवर असतो.

उपाय दोन ओळींचा. ‘सिस्टमसीटीएल एडिट काटा’ करून त्यात लिहा:

[युनिट] खाली: स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०
[सर्व्हिस] खाली: रिस्टार्टसेक=५

शून्य दिलं की मर्यादाच निघते, आणि दर पाच सेकंदांनी शांतपणे प्रयत्न होत राहतो. जागा मात्र नीट पाहा. ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ हे ‘युनिट’ विभागातच चालतं. बरेच जण ते ‘रिस्टार्टसेक’शेजारी ‘सर्व्हिस’ विभागात टाकतात. मग सिस्टमडी लॉगमध्ये ‘अननोन की’ अशी एक ओळ लिहून ते सोडून देतो, आणि माणसाला वाटतं बदल केलाय.

पुढचा मुद्दा ‘रिक्वायर्स’चा. तो आज तुम्हाला चावलेला नाही, पण चावेल. ‘रिक्वायर्स’ लावलेला युनिट कोणी मुद्दाम थांबवला तर त्याच्याबरोबर आपलाही थांबतो. रिस्टार्ट केला तर आपलाही रिस्टार्ट होतो. इथवर ठीक. पण डेबियन-उबंटूची काही पॅकेजं अपग्रेड करताना ‘रिस्टार्ट’ करत नाहीत. जुनं पॅकेज काढायच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्टॉप’ आणि नवं बसवून झाल्यावरच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्टार्ट’, अशा दोन वेगळ्या पायऱ्या करतात. ‘स्टॉप’ बरोबर तुमची सर्व्हिस थांबते, ‘स्टार्ट’ बरोबर मात्र ती उठत नाही, कारण ‘रिक्वायर्स’ खालून वर काही ओढत नाही. आणि अशा वेळी ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ही लागू होत नाही, कारण सिस्टमडीच्या हिशेबी ती मरण पावलेली नसते, सांगून थांबवलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. मर्यादा ओलांडल्याने पडली तर स्टेटस ‘फेल्ड’, अवलंबनामुळे थांबली तर ‘इनॲक्टिव्ह, डेड’ आणि लॉगमध्ये एकही त्रुटी नाही.

तुम्हाला आजवर याचा फटका का बसला नाही? कारण उबंटूत ‘पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस’ हा नुसता छत्रीसारखा युनिट आहे. तो स्वतः काहीच चालवत नाही. खरा डेटाबेस ‘पोस्टग्रेस्क्यूएल@१४-मेन.सर्व्हिस’ मध्ये असतो. छत्री उभी आहे एवढ्यावरून डेटाबेस चालू आहे असं समजू नका. खरी स्थिती ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ दाखवतो.

माझ्या मते ‘रिक्वायर्स’ काढून ‘वॉन्ट्स’ (सैल अवलंबन) करा, ‘आफ्टर’ तसंच ठेवा, आणि डेटाबेस गेला तर परत जोडायचं काम सर्व्हिसच्या कोडमध्ये घ्या. वजन वाचणारी सर्व्हिस डेटाबेस दोन मिनिटं नाही म्हणून मरायलाच नको. वाचलेलं वजन तेवढा वेळ एखाद्या स्थानिक फाइलीत ठेवून नंतर डेटाबेसमध्ये चढवता येतं. ‘ड्रॉप-इन’ मधून, म्हणजे ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने बनणाऱ्या जोडफाइलीतून, मात्र ‘रिक्वायर्स’ पुसता येत नाही, अवलंबनाच्या ओळी रिकाम्या करून रद्द होत नाहीत. तुमची युनिट फाइल तुमचीच आहे, तेव्हा मूळ फाइलच बदला आणि ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ चालवा.

---

यावल_लिनक्स

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

सकाळीच का होतं ते आधी सांगतो. आपोआप अपग्रेड करणारा टाइमर म्हणजे ‘एपीटी-डेली-अपग्रेड.टाइमर’. त्याची वेळ सकाळी ६ आणि पुढे ६० मिनिटांपर्यंत यादृच्छिक उशीर. त्याच्यात ‘पर्सिस्टंट=ट्रू’ असतं, म्हणजे ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर सुरू झाल्यावर चुकलेली फेरी भरून काढायची. तुमचा सर्व्हर ६ ला बंद असतो, ९ ला सुरू होतो, आणि नेमकी काट्यावर गर्दी असतानाच फेरी निघते. चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठी ही रचना चांगली आहे, रोज बंद होणाऱ्या मशीनसाठी अजिबात नाही.

‘सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टाइमर’ करून ‘टाइमर’ विभागात चार ओळी:

ऑनकॅलेंडर=
ऑनकॅलेंडर=१९:३०
रँडमाइझ्डडिलेसेक=५मि
पर्सिस्टंट=फॉल्स

पहिली रिकामी ओळ विसरू नका. ‘ऑनकॅलेंडर’ एकात एक मिळवत जातो. रिकामी ओळ दिली नाही तर सकाळी ६ ची जुनी वेळ तशीच राहते आणि १९:३० तिच्या जोडीला येते. ‘५मि’ लिहिलंय ते फाइलीत पाच आणि रोमन छोटा एम. आणि वेळ अशी निवडा की मशीन त्यानंतर किमान पाऊण तास चालू राहील. ७:३० ला अपग्रेड सुरू आणि ७:४० ला कोणी बटण दाबून बंद केलं, तर आगीतून फुफाट्यात. बंद करताना बटण न दाबता ‘शटडाउन’ कमांडने बंद करायला सांगा. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स’ ने पुढची वेळ बरोबर आली का ते तपासा.

पॅकेज वगळायचं असेल तर ‘/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ मध्ये ‘पॅकेज-ब्लॅकलिस्ट’ आहे. त्यात नाव म्हणजे पायथनचा नमुना असतो आणि तो सुरुवातीपासून जुळवला जातो. नुसतं ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ लिहिलं तर क्लायंट, कॉमन, सगळंच अडतं. फक्त सर्व्हर अडवायचा तर ‘पोस्टग्रेस्क्यूएल-१४’ लिहून शेवटी डॉलरचं चिन्ह द्या. ‘एपीटी-मार्क होल्ड’ पण चालतं, पण मला ते हंगामापुरतंही आवडत नाही. होल्ड लावलेलं पॅकेज महिनोन्महिने विसरलं जातं आणि डेटाबेसच्या सिक्युरिटी दुरुस्त्या तिथेच अडकतात. लावलंच तर ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ दर महिन्याला बघायचं.

आता ‘नीडरिस्टार्ट’. समजा ओपनएसएसएलची लायब्ररी अपग्रेड झाली. डिस्कवर नवी फाइल आली, पण चालू प्रोसेसने जुनी फाइल स्मृतीत धरून ठेवलेली असते. ती प्रोसेस रिस्टार्ट होईपर्यंत जुन्या, सदोष कोडवरच चालते. अपग्रेड झालं म्हणजे दुरुस्ती लागू झाली असं नाही. हे शोधायचं काम नीडरिस्टार्ट करतो. २२.०४ वर हाताने एपीटी चालवलं की जांभळ्या पडद्यावर ‘कोणत्या सर्व्हिस रिस्टार्ट करू’ असं विचारतं ते तेच. तिथे नुसतं एंटर दाबून पुढे जाऊ नका, यादी वाचा.

२४.०४ वर गेलात की वागणूक बदलते. तिथे आपोआप अपग्रेड झाल्यावर प्रभावित सर्व्हिस नीडरिस्टार्ट स्वतःच रिस्टार्ट करतो, विचारत नाही. तेव्हा ‘काटा’ आधीच वगळून ठेवा. ‘/ईटीसी/नीडरिस्टार्ट/कॉन्फ.डी’ मध्ये ‘.कॉन्फ’ ने संपणारी एक फाइल करा आणि ‘ओव्हरराइड_आरसी’ या यादीत ‘काटा’ने सुरू होणाऱ्या नावाचा नमुना देऊन त्याची किंमत ० ठेवा. ही फाइल पर्ल भाषेत असते, ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा. डी-बससारख्या नाजूक सर्व्हिस त्या यादीत मुळातच असतात. त्यांना हात लावू नका, त्या मशीन रीबूट करूनच बदलायच्या.

---

शिरपूर_नेटवर्क

हाताने अपग्रेडचा क्रम, वरच्या दोघांना जोडून:

आधी ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी-गेट -एस अपग्रेड’. ‘-एस’ म्हणजे नुसतं नाटक, प्रत्यक्ष काही बसत नाही. त्या यादीत पोस्टग्रेस, लिबसी, ओपनएसएसएल, कर्नल यांपैकी काय आहे ते पाहा. यातलं काहीच नसेल तर काट्याला हात लावायची गरजच नाही, पुढच्या पायऱ्या वाया.

पोस्टग्रेस असेल तर ‘पीजी_डंपऑल’ने पूर्ण बॅकअप घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. मग काटा थांबवा, मास्क करा, म्हणजे मध्येच कोणी सुरू करणार नाही: ‘सिस्टमसीटीएल मास्क --नाऊ काटा’. नुसतं मास्क चालू सर्व्हिस थांबवत नाही, ‘--नाऊ’ लागतंच. त्यानंतर पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांड टूल) मध्ये एकदा ‘चेकपॉइंट’ (स्मृतीतले बदल डिस्कवर उतरवणं) चालवा. पोस्टग्रेस थांबताना चेकपॉइंट करतोच. तो आधी करून घेतला की थांबायला लागणारा वेळ बराच कमी होतो, जुन्या हार्ड डिस्कवर तर फरक डोळ्याला दिसतो.

एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून) करत असाल तर ‘टीमक्स’ मध्येच करा, त्यातलं काम जोडणी तुटली तरी चालू राहतं. एसएसएच सर्व्हर रिस्टार्ट झाल्याने चालू सेशन तुटत नाही, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटची रेंज गेली की टर्मिनल जातं आणि त्याच्यासोबत अर्ध्यावरचं डीपीकेजीही (एपीटीच्या हाताखाली पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) मरतं.

अपग्रेड: ‘सुडो नीडरिस्टार्ट_मोड=एल एपीटी अपग्रेड’. एल म्हणजे फक्त यादी. हा शब्द सुडोच्या नंतरच लिहायचा. आधी ‘एक्सपोर्ट’ करून ठेवला तर सुडो तो पुढे जाऊ देत नाही.

कॉन्फिग फाइलबद्दल विचारलं तर ‘डी’ दाबून फरक पाहा. शंका असेल तर आपली जुनी ठेवा. नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी पडून राहते, नंतर सावकाश जुळवता येते. रिस्टार्टच्या आधी ‘एनजिनएक्स -टी’. एसएसएच असेल तर ‘एसएसएचडी -टी’. कॉन्फिगमध्ये चूक असेल तर चालू सर्व्हिसला जाणवत नाही, रिस्टार्ट केल्यावरच ती पडते. म्हणून तपासणी आधी.

शेवटी ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ मध्ये १४ मेन ‘ऑनलाइन’ दिसला की मास्क काढा, काटा सुरू करा, आणि ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ रिकामं आहे ना ते बघा.

---

तापीकाठचा_ॲडमिन

दादा, क्रम बरोबर आहे, पण मास्कची पायरी या युनिटवर चालणार नाही. मास्क म्हणजे ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ मध्ये त्याच नावाचा ‘/डेव्ह/नल’ कडे जाणारा दुवा. ताईंची युनिट फाइलच तिथे बसलीय, त्यामुळे ‘फाइल आधीच आहे’ म्हणून कमांड नापास होते. ‘--रनटाइम’ दिलं तर दुवा ‘/रन’ मध्ये बनतो. पण ‘/ईटीसी’ ला ‘/रन’ पेक्षा वरचा मान असतो, म्हणून तो मास्क दिसतो आणि काम करत नाही. ते जास्त वाईट.

दोन मार्ग आहेत. एक, आपली युनिट फाइल ‘/यूएसआर/लोकल/लिब/सिस्टमडी/सिस्टम’ मध्ये हलवायची, सिस्टमडी तिथेही शोधतो. हलवण्याआधी ‘डिसेबल’, हलवल्यावर डीमन-रीलोड आणि ‘इनेबल’. मग मास्क नेहमीसारखा चालतो.

दुसरा मला जास्त पटतो, कारण तो चौथ्या प्रश्नालाही लागू पडतो. युनिट विभागात एक अट लिहा:

कंडिशनपाथएक्झिस्ट्स=!/व्हार/लिब/काटा/थांबा

उद्गारचिन्हाचा अर्थ ‘नसेल तरच’. अपग्रेडच्या आधी ‘सिस्टमसीटीएल स्टॉप काटा’, मग ‘टच’ ने ती रिकामी फाइल बनवा. फाइल आहे तोवर काटा सुरू होत नाही. ना चुकून कोणी कमांड दिली तर, ना मशीन बूट झालं तर. काम संपलं की फाइल काढा आणि सुरू करा. ही फाइल ‘/रन’ मध्ये ठेवू नका. ‘/रन’ स्मृतीत असतो, लाइट गेली की साफ होतो. म्हणजे नेमकं अर्ध्या अपग्रेडनंतर मशीन उठलं की काटा अर्धवट डेटाबेसवर धावत सुटणार. ‘/व्हार’ मध्ये ठेवली तर माणूस येऊन पाहीपर्यंत थांबून राहतो. एक लक्षात असू द्या: अट पूर्ण नसेल तर सिस्टमडी त्रुटी दाखवत नाही, गुपचूप वगळतो. ‘स्टार्ट’ दिलं, काही बोललं नाही, तरी चालू नाही, असं झालं की आधी ‘थांबा’ फाइल बघायची.

आणि थांबवण्याबद्दल एक. ‘स्टॉप’ दिलं की सिस्टमडी ‘सिगटर्म’ (थांबण्याची सूचना) पाठवतो, आणि सर्व्हिस ९० सेकंदांत थांबली नाही तर ‘सिगकिल’ (सक्तीने मारणं). पायथनमध्ये सिगटर्म हाताळलेला नसेल तर प्रोसेस जागच्या जागी संपते, ‘फायनली’ मधला कोडसुद्धा चालत नाही. भरलेल्या गाडीचं वजन घेतलंय, नोंद अर्धी आहे, आणि प्रोसेस गेली. ‘सिग्नल’ मॉड्यूलने सिगटर्मचा हँडलर लावा, त्यात फक्त ‘आता थांब’ असा झेंडा वर करा, आणि मुख्य लूपने हातातली नोंद कमिट करून बाहेर पडावं. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन वेगळ्या कमिटमध्ये असू द्या, म्हणजे मध्ये काहीही झालं तरी पहिलं वजन राहतं.

---

यावल_लिनक्स

कोणी ‘पॉलिसी-आरसी.डी’ सुचवायच्या आत लिहितो, कारण शोधलं की पहिलं तेच सापडतं. ‘/यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी’ नावाची एक्झिक्युटेबल स्क्रिप्ट ठेवली आणि ती १०१ देऊन संपली, की पॅकेजच्या स्क्रिप्टना सर्व्हिसला हात लावायची मनाई होते. कंटेनर बनवताना किंवा नवीन पॅकेज बसवताना ते लगेच सुरू होऊ नये म्हणून हे उत्तम. चालू डेटाबेसच्या अपग्रेडला मात्र वापरू नका. सरसकट १०१ दिलं तर ‘स्टॉप’ही अडतो. मग जुना पोस्टग्रेस चालूच राहतो आणि त्याच्या खालच्या फाइली बदलतात. नवीन जोडणी आली की जुनी प्रोसेस नव्या आवृत्तीची एक्स्टेंशन फाइल उघडू शकते, आणि मग येणाऱ्या त्रुटींचा अर्थ लावता लावता रात्र जाते. शिवाय ही स्क्रिप्ट काढायची राहिली तर पुढची सगळी अपग्रेड रिस्टार्टविना होत राहतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपण स्वतः सिस्टमसीटीएल चालवलं तर तो या फाइलीला विचारतही नाही, म्हणून हाताने तपासताना सगळं ठीक दिसतं.

एपीटीच्या ‘डीपीकेजी::प्री-इन्व्होक’ मध्ये काटा थांबवणं आणि ‘पोस्ट-इन्व्होक’ मध्ये सुरू करणं, हेही कोणीतरी सांगेल. आपोआप अपग्रेड पॅकेजं लहान लहान गटांत बसवतं, दर गटाला हे दोन्ही चालतात. काटा तीन-चार वेळा खाली-वर होईल, तोही पॅकेजं अर्धी बसलेली असताना.

---

धरणगाव_काटा

फार आभार. ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ आणि ‘थांबा’ फाइल दोन्ही लावलं. पोस्टग्रेस मुद्दाम दोन मिनिटं थांबवून पाहिला, काटा वाट बघत राहिला आणि डेटाबेस येताच स्वतःच जोडला गेला. सिगटर्मचा हँडलर लिहायला घेते.

दोन गोष्टी राहिल्या. लाइट अर्ध्यात गेली तर उठल्यावर नेमकं काय करायचं? आणि दुसऱ्या काट्यावरच्या डेस्कटॉपवर २२.०४ चढवल्यापासून यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरच दिसत नाही. तिथे सर्व्हिस सुरू होऊन ‘पोर्ट सापडत नाही’ म्हणते.

---

शिरपूर_नेटवर्क

लाइट गेल्यावर: मशीन उठलं की घाईने ‘एपीटी अपग्रेड’ करू नका. पहिलं ‘डीपीकेजी --ऑडिट’. अर्ध्यावर राहिलेली पॅकेजं तो नावानिशी सांगतो. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, त्यानंतर ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’. परत ऑडिट, तो काहीच बोलला नाही की झालं. मग ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’, आणि सगळ्यात शेवटी ‘थांबा’ फाइल काढायची. पोस्टग्रेस आपल्या लॉगवरून स्वतः सावरतो, त्याला जबरदस्तीने काही करायला जाऊ नका.

‘कुड नॉट गेट लॉक’ आलं तर लॉकची फाइल उडवायची नाही. बहुतेक वेळा मागे आपोआप अपग्रेडच चालू असतं. ‘पीएस’ मध्ये पाहा, संपू द्या. लॉक उडवून दोन डीपीकेजी एकाच वेळी चालले तर पॅकेजांची नोंदवही बिघडते, आणि ते दुरुस्त करणं लाइट जाण्यापेक्षा अवघड.

इन्व्हर्टरबद्दलही. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ मध्ये ‘फक्त एसी पॉवरवर चालव’ अशी सोय आहे, मुळातच चालू असते. पण ती लॅपटॉपच्या बॅटरीसाठी. इन्व्हर्टरमागच्या सर्व्हरला लाइट गेल्याचं कळतच नाही, तो स्वतःला एसीवरच समजतो. यूपीएसला यूएसबीची तार असेल तर ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) बसवून मशीनला ते कळवता येतं. नसेल तर मोठं अपग्रेड लाइटचा भरवसा असेल त्याच दिवशी.

---

तापीकाठचा_ॲडमिन

कन्व्हर्टर सीएच३४० चिपचा असणार. ‘एलएसयूएसबी’ मध्ये १ए८६:७५२३ दिसतंय का पाहा. दिसत असेल तर दोष ‘बीआरएलटीटीवाय’ चा. ब्रेल डिस्प्लेसाठीची ही सर्व्हिस २२.०४ च्या डेस्कटॉपसोबत येते, आणि काही ब्रेल यंत्रांत हाच यूएसबी क्रमांक असल्याने ती तुमचा कन्व्हर्टर आपलाच समजून ताब्यात घेते. ‘डीमेसेज’ मध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ चं नाव आणि लगेच ‘टीटीवाययूएसबी० डिस्कनेक्टेड’ अशा दोन ओळी सापडतील. त्या मशीनवर कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ‘एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’, कन्व्हर्टर काढून परत लावा.

सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये ‘टीटीवाययूएसबी०’ लिहिलेलं असेल तर तेही बदला. दुसरं यूएसबी यंत्र आधी लागलं की तो आकडा १ होतो. ‘/डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी’ मधलं नाव वापरा, ते बूटनंतर बदलत नाही. दोन एकसारखे सीएच३४० असतील तर त्यांना वेगळे अनुक्रमांक नसतात, दोघांचं ‘बाय-आयडी’ नाव एकच येतं. मग ‘बाय-पाथ’ वापरायचं आणि कोणता कन्व्हर्टर कोणत्या खोबणीत ते मशीनवर चिकटवून ठेवायचं.

---

नंदुरबार_डॉकर

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे सगळं डॉकरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये, आहे. डॉकर अपग्रेड झाला की सगळे कंटेनर एकदम थांबतात. यावर काय?

---

यावल_लिनक्स

भाऊ, ‘/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन’ मध्ये ‘लाइव्ह-रिस्टोर’ ट्रू करा आणि डॉकर रीलोड करा. मग डॉकर डीमन खाली-वर झाला तरी कंटेनर चालू राहतात. मर्यादा दोन: स्वार्म मोडसोबत (अनेक मशीन जोडून डॉकर चालवणं) हे चालत नाही, आणि छोट्या दुरुस्ती-आवृत्त्यांपुरतंच याचा भरवसा धरा. मोठी आवृत्ती बदलताना कंटेनर ठरवून, डेटाबेस शेवटी, अशा क्रमाने थांबवा. डेटाबेसच्या कंटेनरला थांबायला डॉकर मुळात १० सेकंदच देतो, नंतर मारतो. कंपोझ फाइलीत ‘स्टॉप_ग्रेस_पीरियड’ वाढवून दोन मिनिटं करा.

---

शिरपूर_नेटवर्क

धरणगावच्या ताईंसाठी एक राहिलं. हंगाम संपल्यावर २४.०४ वर जाल तेव्हा पोस्टग्रेस १६ येईल, पण तुमचा डेटा आपोआप त्यात जात नाही. १४ तसाच ५४३२ पोर्टवर चालत राहतो, १६ चा रिकामा क्लस्टर (त्या आवृत्तीचा वेगळा डेटाबेस सर्व्हर) ५४३३ वर उभा राहतो. ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर १४ मेन’ दिलं तर ‘१६ मेन आधीच आहे’ म्हणून थांबतं. म्हणून आधी तो रिकामा ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १६ मेन --स्टॉप’ ने काढायचा. एंटर दाबण्याआधी आकडा १६ आहे, १४ नाही, हे दोनदा वाचा. ही कमांड पुन्हा विचारत नाही, डेटा सरळ पुसते. मग अपग्रेडक्लस्टर. ते झालं की ५४३२ नव्याकडे येतो आणि काट्याच्या कॉन्फिगमध्ये काही बदलावं लागत नाही. जुना १४ आठवडाभर बंद अवस्थेत राहू द्या, गाड्यांच्या नोंदी जुळल्या की मगच काढा.